सोनईला कांदा बाधला

ऐन एप्रिलात, नगरमध्ये, सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये सायबेरियातलं कुत्रं आणून ठेवणाऱ्या माणसाचा विषय निदान भूगोल तरी नसावा. माझा आहे.

(नगरचं आता अहिल्यानगर झालंय. उकाडा मात्र जुनाच आहे.)

सावेडीतल्या एका शाळेत मी वर्षानुवर्षं भूगोल शिकवतोय. टुंड्रा प्रदेश हा माझा खास धडा. तिथला बर्फ, बोचरे वारे, घसरगाड्या ओढणारी केसाळ कुत्री हे सगळं मी इतकं रंगवून सांगतो, की मागच्या बाकावरची पोरं शर्टाचं वरचं बटण लावतात. (निदान मला तरी तसं वाटतं. ती बहुधा झोपायची तयारी करत असावीत.) अशा जाणकार माणसाच्या घरी हे व्हायला नको होतं. पण झालं.

आमची लेक सई पुण्याला हॉस्टेलवर राहून शिकते. एका शनिवारी ती दारात उभी राहिली ती हातात खोका घेऊन. खोक्याला भोकं पाडलेली होती. वैशालीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, ती भोकं बघितली आणि तिथंच कमरेवर हात ठेवले.

"काय आहे त्यात?"

"आई, आधी पाणी तरी दे."

"कुणाला? तुला का खोक्याला?"

तेवढ्यात खोक्याचं झाकण उचललं गेलं आणि करड्या-पांढऱ्या केसांचं एक तोंड बाहेर आलं. त्याला दोन निळेशार डोळे होते. सईच्या मैत्रिणीच्या ओळखीत कुणाकडं तरी हस्की जातीची पिल्लं झाली होती, त्यातलं हे एक तिनं उचललं होतं. हॉस्टेलवर कुत्रं चालत नव्हतं आणि परीक्षा तोंडावर आली होती. "फक्त जूनपर्यंत, बाबा! प्लीज!"

मी घरातला कर्ता पुरुष. मी घसा साफ केला. "सई, हे अजिबात शक्य नाही. हे शीत कटिबंधातलं जनावर आहे. उणे तापमानात, बर्फात खड्डा करून झोपणारं. इथं आपल्याकडं..."

एवढ्यात ते पिल्लू लटपटत माझ्यापाशी आलं, माझ्या पावलावर हनुवटी टेकवली आणि चक्क झोपलं.

"...इथं आपल्याकडं कूलर आहेच म्हणा," मी म्हणालो.

हे वाक्य वैशाली आजही पाहुण्यांना माझ्या आवाजात म्हणून दाखवते.

सई दुसऱ्या दिवशी पुण्याला निघाली. बसमध्ये चढताना मला म्हणाली, "बाबा, आईला हे पसंत नाही, मला माहितीये. मी तुमच्या भरवशावर सोडून चाललेय त्याला. त्याला काही झालं तर मी..."  डोळे भरले होते तिचे. मी छाती पुढं काढून सांगितलं, "काही होत नाही त्याला. मी आहे ना!" आजवर मी हे वाक्य ज्या ज्या वेळी म्हटलंय, त्या त्या वेळी काहीतरी झालेलं आहे.

पिल्लाचं नाव सईनं ठेवलं होतं स्नोई. ते ठीक चाललं होतं, पण आठवड्याभरात माझी आई आली. उन्हाळ्यात आई सोनईहून आमच्याकडं राहायला येते, कारण गावाकडं लाईट सारखी जाते. (आमच्याकडं जात नाही, अशी तिची समजूत आहे.) पिशवी खाली ठेवता ठेवता तिनं पिल्लाकडं बघितलं.

"नाव काय ठिवलंय ह्याचं?"

"स्नोई."

आईचा चेहराच उतरला. "सोनई?"

"सोनई नाही गं. स्नोई! स्नो म्हणजे बर्फ."

"आरं, त्या गावात तू जल्माला आला. तितल्याच शाळंत शिकून मास्तर झाला. आन कुत्र्याला गावाचं नाव दिलं व्हय? दुसरं एक बी गाव घावलं न्हाई तुला? काष्टी ठिवायचं!"

काष्टीला माझी सासुरवाडी आहे. स्वयंपाकघरात एक पातेलं जोरात आपटलं.

मी पुष्कळ समजावलं. स्नो, स्नोफॉल, हिमालय, काय काय सांगितलं. आईनं शांतपणे ऐकून घेतलं आणि त्या क्षणापासून पिल्लाला "सोनई, हिकडं ये" अशी हाक मारायला सुरुवात केली. कळस म्हणजे ते पिल्लू त्या नावाला ओ द्यायला लागलं! मी स्नोई, स्नोई करून घसा कोरडा केला तरी ढिम्म, आणि आईनं सोनई म्हटलं की शेपूट हलवत हजर. आई त्याला उचलून घ्यायची आणि त्याच्या डोळ्यांत बघून हळहळायची.

"मोतीबिंदू झालाय गं लेकराला. एवढ्या ल्हानपनी!"

"आई, त्या जातीचे डोळेच निळे असतात."

"मला बी आदी तसंच वाटलं हुतं," आई म्हणाली. "मंग आपरेशनच करावं लागलं."

मे उजाडला आणि घराचा कारभार संपूर्णपणे पिल्लाच्या हातात गेला. आमच्याकडं एकच कूलर. त्याच्या समोरची जागा माझी होती. लग्नात मला जे काही मानपान मिळाले, त्यातलं शेवटचं उरलेलं हेच. आता तिथं सोनईसाहेब चारी पाय पसरून पोटावर पडायचे आणि मी त्यांच्या मागं, त्यांच्या अंगावरून जे वारं गाळून येईल ते घ्यायचो. वाऱ्याबरोबर केसही यायचे. फ्रीजमधल्या बर्फाचे दोन ट्रे त्याच्या नावावर झाले. एकदा बाहेरून तापून आल्यावर मी सरबतात एक खडा टाकला, तर वैशाली आतून ओरडली, "अहो, त्याच्या बर्फाला हात नका लावू!" पिल्लू घरात नको म्हणणारी बाई ती हीच!

नळाला पाणी एक दिवसाआड. त्यामुळं आम्ही एक मोठा टब भरून ठेवतो. पिल्लाला वाटलं, हा टब आपल्याचसाठी भरतात. ते दिवसातून कितीतरी वेळा त्यात जाऊन बसायचं आणि नंतर ओलंचिंब होऊन गॅलरीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीत जायचं. थंड जागा हवी म्हणून कुंडी उकरायचं, रोप बाहेर आणि आपण आत! वैशालीनं तो कढीपत्ता माहेराहून आणून वाढवला होता. तिनं ते रोप हातात धरून माझ्यासमोर उभं केलं आणि एवढंच म्हणाली, "शीत कटिबंध."

"धनगर बोलवू का?" आईनं सुचवलं. "मेंढरं कातरत्यात तसं कातरून देईल. आंग मोकळं हुईल लेकराचं."

मला ते पटलं होतं. पण फोनवर सईनं आकाशपाताळ एक केलं. ते केस उन्हापासूनही त्याला वाचवतात म्हणे. (मला हे माहीत नव्हतं. माझ्या धड्यात ऊनच नाही.)

त्यात हे कुत्रं भुंकायचं नाही. रडायचं. लाईट गेली, कूलर बंद पडला की मान वर करून असा काही लांबलचक गळा काढायचं की अंगावर काटा यावा. एका संध्याकाळी दाराची बेल वाजली. तळमजल्यावरचे साळवे सर आले होते. मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेले, अतिशय सज्जन गृहस्थ. चेहरा गंभीर, आवाज हळू.

"सर, आईंची तब्येत बरी आहे ना? नाही म्हणजे... रडण्याचा आवाज आला. काही लागलं तर सांगा, मी आहे."

माझ्यामागून आईच बाहेर आली, हातात लाटणं. "मला काय धाड भरलीय? सोनई रडतीय."

साळवे सर बराच वेळ तिथंच उभे राहिले. एक अख्खं गाव का रडतंय, ते त्यांना विचारायचं होतं. पण माणूस सभ्य.

तर असे आमचे दिवस चालले होते. मी रोज त्या पिल्लावर चिडत होतो. सकाळी उजाडायच्या आत त्याला फिरवून आणायचं, कारण नंतर रस्ता तापतो. वाटेत प्रत्येक माणूस थांबून विचारणार, "सर, लांडगा पाळला का?" दुपारी त्याचं अंग पुसायचं, संध्याकाळी त्यानं सांडलेलं पाणी पुसायचं. जून कधी लागतो असं झालं होतं मला.

आणि मग तो रविवार आला.

जेवायच्या वेळेला लाईट गेली. वरचा स्लॅब असा तापलेला, की घरात बसल्या बसल्या माणसाची भाजी व्हावी. वैशालीनं पिठलं-भाकरी केली होती. मी बनियनवर, ताट घेऊन खाली फरशीवर बसलो, कारण त्यातल्या त्यात फरशी गार. दोन घास झाले असतील. पिल्लू कुंडीतून उठून आत आलं आणि माझ्या ताटाशेजारी धप्पकन आडवं झालं. जीभ बाहेर, धाप लागलेली, डोळे अर्धवट मिटलेले.

"स्नोई?" मी म्हणालो. काही नाही. "सोनई?" कानसुद्धा हलला नाही.

वैशाली पुढं झाली. "अहो, हा उठत नाहीये! अंग बघा कसं तापलंय!" तिनं ओला टॉवेल आणून त्याच्या अंगावर घातला, मी हातातला घास टाकून वर्तमानपत्रानं वारा घालायला लागलो. 

आईनं एक नजर टाकली आणि निदान केलं. "ऊन लागलंय त्याला. कांदा आन गं, वैशे."

आता आमच्याकडं ऊन लागलं की पहिला उपाय कांदा. उन्हात निघालं की खिशात कांदा. ऊन बाधलं की फोडलेला कांदा नाकाशी धरायचा आणि तळपायाला चोळायचा. माझं अर्धं बालपण कांद्याच्या वासात गेलं आहे. त्यामुळं त्या क्षणी घरात कुणालाही यात काही वावगं वाटलं नाही. मला तर हायसंच वाटलं. वैशालीनं टोपलीत हात घातला. एकच कांदा उरला होता, पण चांगला दणदणीत. आईनं माझ्या शेजारी बसकण मारली, फरशीवर ठेवून बुक्की घातली, कांद्याची दोन शकलं झाली. एक तिनं पिल्लाच्या नाकाशी धरलं. दुसरं घेऊन चारी पायांचे तळवे खसाखसा चोळून काढले.

पिल्लानं डोळे उघडले. सटासट शिंका दिल्या. आईकडं अतिशय दुखावल्या नजरेनं बघितलं, उठलं आणि तरातरा जाऊन टबात बसलं!

"बघा!" आई म्हणाली. "तुमच्या त्या मोबाईलमदी हाय का हे?"

आम्ही सगळे हसलो. माझा जीव भांड्यात पडला. वैशाली टबापाशी गेली, आई पिल्लाच्या मागं मागं गेली आणि मी परत ताटावर बसलो. काळजी सरली की मला भूक लागते. पिठलं गार झालं होतं, पण चव अशी काही लागली म्हणता! मी अगदी ताट पुसून जेवलो.

हात धुतो न धुतो तोच सईचा व्हिडिओ कॉल आला.

"बाबा, स्नोई कसा आहे?"

"ठणठणीत!" मी फुशारकीनं म्हणालो. "जरासं ऊन लागलं होतं. पण आजीनं कांदा लावला आणि काय सांगू तुला..."

"काय लावला?"

"कांदा."

फोनमधून जी किंकाळी आली ती ऐकून पिल्लू टबातून बाहेर पडलं. "बाबा! कांदा विष असतो कुत्र्याला! रक्त खराब होतं त्यानं! खाल्ला नाही ना त्यानं? बाबा, बोला ना!"

"छे छे, खातोय कशाला? अर्धा नाकाशी धरला, अर्धा नुसता पायाला चोळला."

"दोन्ही तुकडे कुठायत? दाखवा मला. आत्ताच्या आत्ता!"

एक शकल आईच्या हातातच होतं. ते कॅमेऱ्यापुढं धरलं.

"आणि दुसरं?"

दुसरं नव्हतं! आम्ही कूलरखाली बघितलं. सोफ्याखाली बघितलं. वैशालीनं टब रिकामा केला. (एक दिवसाआडचं पाणी! पण कुणी हूं का चूं केलं नाही.) मी कुंडीतली माती उकरली. सोफ्याच्या फटीत वैशालीचं हरवलेलं कानातलं सापडलं, माझी एक चावी सापडली, जुना वाटाणा सापडला. कांदा नाही. आणि या सगळ्या वेळात ते पिल्लू मधोमध बसून जिभल्या चाटत होतं.

"खाल्ला त्यानं," वैशाली म्हणाली. 

आई मटकन खाली बसली. "माज्या हातनं झालं रं हे, पर्काश. मीच घातलं इख त्याच्या तोंडात." तिला असं बसलेलं मी फार क्वचित बघितलंय.  फोनवर सई हुंदके देत होती आणि मधेमधे "दवाखान्यात न्या, दवाखान्यात न्या" म्हणत होती.

आईला काहीही झालं तरी आधी तिच्या धाकट्या भावाला, सोनईच्या नानामामाला, फोन करावा लागतो. मी कपडे चढवेपर्यंत तिनं लावलासुद्धा. स्पीकरवर, कारण तिला दुसरं जमत नाही.

"नाना! आरं, सोनईला कांदा बाधला रं!"

"आक्का, एकट्या सोनईला कुटं?" मामा तिकडून म्हणाला. "समद्या जिल्ह्याला बाधलाय! भावच न्हाई. मी तर कांदाचाळीतच भरून ठिवलाय अजून."

"आरं, तसं न्हाई! प्वाटात गेला त्याच्या!"

"कुनाच्या?"

"सोनईच्या!"

 मामाचा आवाज एकदम मायाळू झाला. "आक्का, तुला ऊन लागलंय. तू असं कर, पडून ऱ्हा आन कांदा लाव."

मी पिल्लाला टॉवेलात गुंडाळलं आणि आम्ही तिघं जिने उतरलो. खाली साळवे सर नुकतेच चर्चमधून येऊन गाडी लावत होते. पांढरेशुभ्र कपडे, कडक इस्त्री. त्यांची गाडी ते फक्त रविवारी बाहेर काढतात आणि सीटवरची प्लास्टिकची आवरणं अजून तशीच आहेत. आमचे चेहरे बघून त्यांनी काही विचारलं नाही, नुसता मागचा दरवाजा उघडला. "बसा. एसी चालू आहे. टॉवेल फक्त नीट खाली घ्या."

गाडीत गार वारं लागताच पिल्लू ताजंतवानं झालं. शेपूट हलवायला लागलं, साळवे सरांच्या पांढऱ्या बाहीला ओलं नाक लावायला लागलं.

"अहो, बघा, बरं वाटतंय त्याला," मी म्हणालो.

"शेवटच्या घटकेला असंच होतं," वैशाली म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

खरं सांगतो, पाईपलाईन रोडवरून जाताना मी त्याला घट्ट धरून बसलो होतो. महिनाभर मी त्या जिवावर नुसता खेकसलो होतो. कूलर घेतला म्हणून, झोप मोडली म्हणून, पाणी सांडलं म्हणून. आणि आता ते माझ्या मांडीवर हनुवटी टेकवून बसलं होतं, पहिल्या दिवशी पावलावर टेकवली होती तशीच. सईला काय सांगू? आईला कसं सावरू? मला ते पिल्लू हवं होतं. कूलर कायमचा त्याला देऊन टाकतो, असं मी मनात म्हटलं, आणि तेव्हा मी अगदी मनापासून म्हटलं होतं.

दवाखान्यातल्या डॉक्टर तरुण होत्या आणि सुदैवानं रविवारीही होत्या. आम्ही सगळे एकदम आत शिरलो. एक बनियनवर शर्ट उलटा घातलेला मास्तर, एक रडवेली बायको, एक म्हातारी, चर्चच्या कपड्यातले साळवे सर आणि माझ्या हातातल्या फोनमध्ये रडणारी सई.

"नाव?" डॉक्टरांनी विचारलं.

"स्नोई," मी म्हणालो.

"सोनई," आई म्हणाली.

"गाव नंतर सांगा. पेशंटचं नाव?"

त्यावरून थोडा वेळ गेला. मग मी घडलेलं सांगितलं. आईनं मूठ वळून कांदा केवढा होता ते दाखवलं. डॉक्टरांनी पिल्लाला वजनकाट्यावर ठेवलं, पोट दाबून बघितलं, हिरड्या बघितल्या.

"अर्धा कांदा एवढ्या पिल्लाला जास्त होतो," त्या म्हणाल्या. "उलटी करवून काढावा लागेल, आणि पुढचे काही दिवस रक्तावर लक्ष ठेवावं लागेल. खाताना कुणी बघितलं?"

कुणीच बघितलं नव्हतं. डॉक्टरांनी इंजेक्शन भरायला घेतलं, पण मग काय वाटलं कोण जाणे, त्यांनी पिल्लाचा जबडा उघडून वास घेतला. परत घेतला.

"याच्या तोंडाला तर अजिबात वास नाहीये. दुधाचा येतोय."

मला राहवेना. लेकीला शब्द दिला होता मी! मी टेबलावरून पार वाकून, डॉक्टरांच्या चेहऱ्यासमोर चेहरा नेऊन म्हणालो, "मॅडम, नीट बघा हो! अर्धा कांदा जाईल कुठं? घरात दुसरं कोण आहे खाणारं?"

डॉक्टर झटकन मागं सरकल्या. नाकाला हात लावला. मग माझ्याकडं बघितलं, अगदी एखाद्या जनावराची लक्षणं बघावीत तसं.

"सर, तुम्ही दुपारी काय जेवलात?"

"पिठलं-भाकरी."

"आणि?"

"आणि काय, नेहमीचंच. कां..."

मी तिथंच थांबलो.  फोनमधली सईसुद्धा रडायची थांबली.

"मी तुम्हाला कांदा वाढलाच नव्हता," वैशाली एकेक शब्द सुटा करत म्हणाली. "घरात एकच होता. तो आईंनी घेतला."

मला सगळं आठवलं. मी ताटावर परत बसलो तेव्हा शेजारी फोडलेला कांदा पडलेला होता. आता तुम्हीच सांगा, पिठलं आहे, भाकरी आहे आणि शेजारी बुक्कीनं फोडलेला कांदा आहे. हा कुणाचा, कुठून आला, अशी चौकशी करायची आमच्या जिल्ह्यात पद्धतच नाही!

"जरा... जरा मातकट लागला होता," मी कबूल केलं. "मला वाटलं, मामानं पाठवलेला असेल. शेतातला. ताजा."

"चारी पाय घासले हुते मी त्यानं," आई म्हणाली. "आन तवा ते कुंडीतनंच उठून आलं हुतं."

"कुंडीत तो फक्त बसत नाही," वैशाली म्हणाली आणि मग मात्र तिला हसू आवरेना. भिंतीला टेकून, पदर तोंडाला लावून ती हसत होती. फोनमध्ये सई रडत होती का हसत होती ते कळत नव्हतं. साळवे सर छताच्या पंख्याकडं बघत होते आणि त्यांचे पांढरेशुभ्र खांदे हलत होते. टेबलावर बसून पिल्लू एकेकाच्या तोंडाकडं बघत होतं.

डॉक्टरांनी भरलेलं इंजेक्शन बाजूला ठेवलं. "पिल्लाला काही झालेलं नाही. पाय साबणानं धुऊन टाका, चाटायला नको. टॉवेल ओला ठेवा, दुपारी हवेशीर ठेवा. आणि आजी, यापुढं कांदा अजिबात नाही."

"न्हाई बाई, न्हाई," आईनं कानाला हात लावला. तिच्या चेहऱ्यावर पुन्हा रंग आला होता. तिनं पिल्लाला छातीशी धरलं आणि त्याचं डोकं कुरवाळत राहिली.

"आणि ह्यांचं काय करायचं?" वैशालीनं माझ्याकडं बोट दाखवून विचारलं.

"यांना चालतो," डॉक्टर म्हणाल्या.

आम्ही बाहेर आलो. ऊन अजून तसंच रणरणत होतं. आईनं रस्त्यात थांबून माझ्या कपाळाला हात लावला, मग गळ्याला लावला. माझ्या लहानपणी लावायची तसाच.

"गार हाय," ती समाधानानं म्हणाली. "लावला कुत्र्याला आन गुन आला मास्तरला."

हे मात्र खरं. त्या अख्ख्या उन्हाळ्यात मला एकदाही ऊन बाधलं नाही.